स्वभावाला औषध

खिडकीच्या एकाच गजाचा रंग पार उडाला होता. घरातलं कोणी बाहेर गेलं की परत येईपर्यंत आई तोच गज धरून उभी राहायची, जेवायचीसुद्धा नाही. सगळे हसून म्हणायचे, "स्वभावाला औषध नसतं." आई गेली आणि गज थोरल्या लेकीच्या वाट्याला आला. ती मात्र या काळजीसाठी डॉक्टरबाईंकडे गेली. पहिल्या औषधाने ती मशीनवर शिवता शिवता पेंगायची, दुसऱ्याने मळमळायचं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "धीर धरा, तुमचं औषध सापडेल." तिसरं मात्र लागू पडलं. आज तिच्या मुलीला यायला उशीर झाला, तरी मशीन चालूच राहिलं. हे ध्यानात आलं तशी ती उठली, त्या गजाच्या उघड्या लोखंडावर कपाळ टेकून रडू लागली. दारातून आलेली मुलगी गांगरली. "आई, मी आलेय ना. पुन्हा काळजी?" "नाही गं. आजीला सांगत होते, औषध असतं म्हणून."