हिरवा दिवा

"बाबा, तुमचा दिवा लाल कसा होत नाही कधी?" कबड्डीच्या टीममधल्या मैत्रिणींशी पैज लागली होती, म्हणून ऋजुताने सामन्याला निघालेल्या बाबांना विचारलंच.

कबड्डीच्या पंचांना ताण आला की मनगटावरचा दिवा लाल होई आणि निर्णय रद्द. म्हणून प्रेक्षक मुद्दाम ओरडत. बाबांचा मात्र सदरा घामाने भिजला तरी दिवा हिरवाच.

"सवय गं," बाबा म्हणाले.

प्रश्न ऐकून स्वयंपाकघरात आईच्या हातून पातेलं पडलं, आणि बाबांच्या मनगटावरचा दिवा लाल झाला.

ऋजुताने आत जाऊन आईच्या बांगड्या वर सारल्या. खाली बाबांच्या दिव्याला जोडलेला, नाडी मोजणारा पट्टा होता.

"आरडाओरड्याने यांचे अचूक निर्णयही रद्द व्हायचे गं," आई पुटपुटली.

"पट्टा बाबांनाच बांध. आज मी अख्खी टीम घेऊन पहिल्या रांगेत बसणार आहे. कोण ओरडतं ते बघतेच."