ढाण्याची जात
"कागद नसतील तर निदान पाच पिढ्या तरी सांगा, नाहीतर कुत्र्याच्या जातीची सरकारदरबारी नोंद होणार नाही," जनावरांच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. वासराएवढा ढाण्या कुत्रा त्यांची मापाची टेप चाटत होता.

त्याचा मालक धुळाजी गडबडला. त्याची बायको बाणाई मात्र मेंढरं सोडून पुढं आली. "ह्याची आय चंद्री. तिनं एकटीनं दोन लांडगं पळवलं. चंद्रीची आय कानतुटी, तिची आय भुरी..." बोलता बोलता ती सात पिढ्या मागं गेली.

डॉक्टरबाई भराभर लिहीत होत्या. "आणि ही जात घडवली कुणी?"

"देवानं," धुळाजी म्हणाला.

"देव कशाला?" बाणाई म्हणाली. "कुठलं पिल्लू ठेवायचं ते सासूबाई ठरवायच्या. त्यांच्या आधी त्यांची सासू. मेंढराला जपंल आन लांडग्याला भिणार न्हाई, तेच ठेवायचं. आता मी ठरवते."

डॉक्टरबाईंनी रकाना भरला आणि मोठ्यानं वाचला, "जात घडवणाऱ्या: बाणाई आणि तिच्या सासवा."

बाणाईला हसू आवरेना. ती मटकन मेंढरांतच बसली.

"ऐकलंसा का? सासूबाईंचं नाव सरकारात लागलं, आन तेबी माझ्या मागं!"