सदतिसाव्याचं शेवटचं पान

"छापील हाय," असं म्हणत किशनराव गुरुजींनी पिशवीतून पुस्तक काढलं आणि टेबलावर ठेवलं. "नात पुनम नांदेडला असते, तिला रद्दीच्या दुकानात गावलं. पानन् पान शाबूत. आज फैसला होऊन जाऊ द्या, अप्पा."

समोर बसलेल्या सिद्रामप्पांनी चष्मा नाकावर चढवला. एसटीत कंडक्टर होते तेव्हापासून कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवायची त्यांना सवयच नव्हती. तिकीट दाखवा, एवढंच त्यांना ठाऊक.

निलंग्याच्या या वाचनालयात दुपारी तीनला एवढीच गर्दी असे. हे दोघं, आणि कपाटाला खुर्ची टेकवून बसलेल्या ग्रंथपाल कस्तुराबाई. वरचा पंखा पेंगत फिरायचा. खिडकीतून उन्हाचा एक पट्टा यायचा आणि त्यात धुळीचे कण सावकाश तरंगत राहायचे. त्याकडे बघता बघता माणसाला आपण निलंग्यात आहोत की आणखी कुठे, हे कळेनासं होई. वाद मात्र ठरलेला, वर्षानुवर्षांचा. 'यान शततारका' ही एकशे चार पुस्तकांची अवकाशकथांची माला दोन लेखकांनी लिहिली होती. त्यांतला थोर कोण? गुरुजी कासराळेंच्या बाजूचे, अप्पा पानगावकरांच्या. सख्ख्या भावाची बाजूही कुणी इतक्या तावातावानं घेत नाही.

गुरुजींचा हुकमी एक्का म्हणजे कासराळेंचं सदतिसावं पुस्तक, त्यातही त्याचं शेवटचं पान. वाचनालयाच्या प्रतीत ते पान कस्तुराबाईंच्या अक्षरात होतं. मूळ पान केव्हाच फाटून गेलेलं, म्हणून बाईंनी रेघांच्या कागदावर लिहून चिकटवलं होतं. मालेतल्या बारा पुस्तकांची शेवटची पानं त्यांनी अशी लिहिली होती. लातूरच्या प्रतीवरून उतरवली, असं त्या सांगत.

लातूरला प्रत नव्हतीच. बाई दोनदा एसटीनं जाऊन हात हलवत परत आल्या होत्या. इकडे यान अंतराळात लटकलेलं आणि वाचक दारात उभा. मग त्यांनी मनानंच शेवट लिहिला. एकदा जमलं, तशी गोडी लागली. पानगावकरांची म्हणून अप्पा जी वाक्यं घोळवून घोळवून म्हणत, त्यांतलीही निम्मी बाईंचीच होती. भांडण दोन लेखकांच्या नावानं चालायचं आणि दोन्हीकडून लढायच्या कस्तुराबाई.

"हाताचं लिहिलेलं मी मानत न्हाई," अप्पा दर वेळी म्हणत. "उतरवताना काय बदललं, कुणी बघितलंय? छापील दाखवा, कासराळे मोठा म्हणून कबूल करतो. वर चहा पाजतो."

आज छापील आलं होतं. बाईंची निवृत्ती महिन्यावर आली होती. तीस वर्षं ज्यांनी आपल्या शब्दावर विसंबून पुस्तकं नेली, त्यांच्यासमोर जाता जाता खोटं ठरायची पाळी आली होती. काहीतरी करायचं म्हणून त्यांनी माठातून तांब्या भरला आणि गुरुजींच्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

गुरुजींनी शेवटचं पान उघडलं. बाईंना त्यांच्या खांद्यावरून दिसत होतं. यान पृथ्वीवर उतरलं होतं. बँड वाजत होता. मंत्री कप्तानाला हार घालत होते आणि त्यांचं भाषण पानाच्या तळापर्यंत चाललं होतं. समाप्त.

गुरुजींनी ते एकदा वाचलं. पुन्हा वरपासून वाचलं. मागे वळून मात्र पाहिलं नाही.

"वाचा की मोठ्यानं," अप्पा म्हणाले. "का वाचा बसली?"

गुरुजींनी घसा साफ केला आणि ओळीवर बोट ठेवलं.

"'यान उतरलं नाही. कप्तानानं इंजिन बंद केलं आणि ते वाऱ्यावर सोडून दिलं. खाली एक गाव दुपारच्या झोपेत होतं. एका माळवदावर एक बाई कुरड्या राखत बसली होती. तिनं वर पाहिलं. ती घाबरली नाही. ओळखीचं कुणी वाटेनं जात असावं, तसा तिनं पाण्याचा तांब्या उचलून दाखवला. आपल्याला तहान लागून किती वर्षं झाली, ते कप्तानाला आठवेना.'"

बोट बँडवरून, हारावरून, भाषणावरून सरकत गेलं होतं. शब्द सगळे कस्तुराबाईंचे होते, एकही चुकला नव्हता. बाईंना आपलं लिहिलेलं अख्खं पान दुसऱ्या कुणाच्या तोंडून प्रथमच ऐकू येत होतं, आणि ते फार लांबून, वरून कुठून तरी येतंय असं वाटत होतं. तांब्या त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवला.

अप्पा खिडकीबाहेरच्या रिकाम्या आभाळाकडे बघत होते. पुस्तक हातात घेऊन बघायचंही त्यांना सुचलं नाही.

"छापीलच होतं म्हणायचं," शेवटी ते म्हणाले. "कबूल. कासराळे मोठा." आणि शब्दाला जागून चहा सांगायला बाहेर गेले.

गुरुजींनी पुस्तक मिटलं. त्यावरची धूळ उपरण्यानं पुसली आणि ते बाईंच्या हातात दिलं.

"बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "याचंबी शेवटचं पान बिघडलेलं हाय. रिटायर व्हायच्या आधी तेवढं लिहून चिकटवा."