कॉम्प्युटरचं मागचं दार

बायको, सकवारबाई, गेल्यावरही प्रतापरावांनी तिचा कॉम्प्युटर कधी बंद केला नव्हता. आता त्याच्या कॅमेऱ्याचा दिवा अधूनमधून आपोआप पेटू लागला होता.

"अण्णा, अक्कांनी यावर फुकटचं पंचांग उतरवून घेतलं होतं ना, त्याच्या पोटात ट्रोजन व्हायरस लपलेला होता," शेजारची अक्षरा म्हणाली. ती इलेक्ट्रॉनिक सिटीत कॉम्प्युटरचंच काम करायची. "त्यानं आतून मागचं दार उघडलं. आता कुणीतरी लांब बसून तुमचे फोटो काढतंय, हे बघा, इथंच साठवलेत. सगळं पुसायला हवं."

सगळं म्हणजे सकवारबाईचे साठवलेले फोटोही.

"स्वल्प थांब," प्रतापराव म्हणाले. "आपणच हाताला धरून आत आणलं आणि आपल्यालाच पत्ता नाही. हुशार आहे हं."

ते स्वतःचे चोरून काढलेले फोटो एकेक करून बघू लागले. चहा पिताना, बटण लावताना, नुसतं बसलेले. बायको गेल्यापासून त्यांचा फोटो कुणी काढला नव्हता.

"छान काढलेत की," ते म्हणाले.

शेवटच्या फोटोत ते दुपारचे झोपलेले होते. कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत होता. हा फोटो आतल्या खोलीतला होता, अगदी जवळून, पलंगावरच्या दुसऱ्या उशीवरून काढलेला.

अक्षरानं घाईनं पुसायला हात पुढे केला. प्रतापरावांनी तो हळूच बाजूला सारला.