मिथुनला एक रुपया

मनोरच्या नाक्यावर भागी करांद्यांच्या कंदांची पाटी पुढ्यात घेऊन बसली होती आणि तिच्यासमोर उकिडवी बसलेली रूपाली भागीच्याच फोनवर बोटं चालवत होती. फोनवर पैसे घ्यायची सोय नाही म्हणून सकाळपासून दोन गाडीवाले पाटीशी थांबून तसेच पुढे गेले होते. रूपालीचं तर कामच ते. बोईसरहून स्कूटीवर यायचं, टपऱ्यांना, पाट्यांना पैशांच्या ॲपवाल्या कंपनीचे स्टिकर चिकटवायचे, माणसं त्या ॲपात घालायची.

"जन्मतारीख, मावशी?"

"ती शाळेत गेलेल्यांना असते. आधारावर कायतरी टाकलीय, तीच घाल."

"गाव? घरात माणसं किती?"

रूपाली विचारत गेली, भागी सांगत गेली. सांगताना घाई करत नव्हती. पाड्यावरची निम्मी घरं वीटभट्टीवर गेली होती. संध्याकाळी भाकर थापली तर तिचा आवाज तिलाच मोठा वाटायचा. आणि इथे ही घाटावरच्या बोलीची पोर, ना ओळख ना पाळख, एकामागून एक विचारत होती.

"माणसं दोन," भागी म्हणाली. "मी, नि माझा मिथुन. वेरावळला खलाशी हाय बोटीवर. दिवाळीपासून फोन नाय. रिंग जाते, उचलीत नाय."

रूपालीने नुसतंच "अं" केलं आणि दोन आकडा भरला.

"आता फोनमधले सगळे नंबर कंपनीला बघू द्यायचे का, म्हणून विचारतंय. हो म्हणू?"

"मिथुनचा पन बघंल कंपनी?"

"सगळेच बघते."

"आनि तो कुटं हाय, ते?"

"त्याच्याकडं ॲप असलं तर तेही कळतं तिला."

भागी पाटीवरून पुढे वाकली. "मग इचार ना बाय तिला. मी येवढं सांगितलं, तिनं येक सांगावं."

रूपालीची बोटं थांबली. "मावशी, कंपनी विचारते. सांगत नाही कोणाला."

भागीने पाटीतले करांदे सारखे केले. मग म्हणाली, "हो म्हन."

फोनवर नावं उतरू लागली. आत्माराम रिक्षावाला, रेशनदुकान, मिथुन. मिथुनच्या नावाशी गोलात त्याचा ॲपवरचा फोटो होता. दाढी वाढलेली, मागे पाणीच पाणी. भागीने हा फोटो कधी पाहिला नव्हता. तिने पदराने काच पुसली, पुन्हा पाहिलं.

"सुकलाय," ती म्हणाली.

"चालू झालं का बघायला कुणाला तरी एक रुपया पाठवावा लागतो," रूपाली म्हणाली. आणि जरा थांबून, "ह्यालाच पाठवू?"

भागीने मान डोलावली. पिनचे आकडे तिने स्वतः दाबले, एकेक, जपून. हिरवी खूण उमटली.

"पोचला," रूपाली म्हणाली.

"येवढ्यात? वेरावळला?"

"वेरावळला म्हणा, नाहीतर कुठं असेल तिथं."

भागी फोन दोन्ही हातांत धरून बसली. एक बाई करांदे हातात घेऊन भाव विचारत होती, तिला तिने उत्तर दिलं नाही. बाई करांदे टाकून निघून गेली. रूपालीने स्टिकर पाटीच्या कडेला चिकटवला, बोटाने दाबून बसवला, स्कूटीची किल्ली काढली.

फोन वाजला. टिंग, एवढंच.

"काय म्हनतो?" भागीने फोन तिच्यापुढे धरला.

रूपालीने वाचलं, पुन्हा एकदा वाचलं. "काही म्हणत नाही, मावशी. तुमचा रुपया परत पाठवलाय त्यानं."

"त्यानंच?"

"त्याच्याच फोनवरून आलाय."

भागीचं तोंड उजळलं. मग हळूहळू उतरलं. मग कुठेतरी मधेच थांबलं.

"आत्ता फोन त्याच्या हातातच असेल," रूपाली घाईने म्हणाली. "लावू? लावते, बोला."

तिचं बोट मिथुनच्या नावाकडे गेलं तसा भागीने तिचा हात धरला.

"नको गं बाय. उचलला नाय तं?"

हायवेवरून एक ट्रेलर गेला. त्याची धूळ करांद्यांवर बसेपर्यंत दोघी तशाच बसून राहिल्या.

"त्यापरीस," भागी म्हणाली, "अजून येक रुपया धाड."