झाकलेली नावं

पगारी बेसबॉल लीगच्या हंगामातले तीन सर्वोत्तम सुरुवातीचे पिचर, म्हणजे सामन्याच्या सुरुवातीपासून चेंडू फेकणारे, निवडायला प्रशिक्षक तेजराम सर वरठी गावात बसले. लीगचं काम पाहणाऱ्या रश्मीनं पुढ्यात टाकलेल्या यादीतली नावं पट्टीनं झाकलेली.

"नावं काहून झाकली? माह्यावर भरोसा नाही?"

"नाही."

धुसफुसतच सरांनी नुसते आकडे पाहिले आणि सर्वांत कमी धावा देणाऱ्यापुढे खूण केली. "एक नंबर हाच! असा हात अख्ख्या जिल्ह्यात नाही."

रश्मीनं पट्टी ओढली. विहारामागच्या वस्तीतला संघपाल. 'त्या वस्तीतले पोट्टे टिकत नाही' म्हणत मागच्या वर्षी सरांनीच आपल्या संघातून हाकललेला, यंदा दुसऱ्या संघाकडून खेळलेला.

सरांनी खूण खोडली. "आकडे चुकले."

"तुमच्याच हातच्या स्कोअरबुकातले हायेत, सर."

"मंग आता नावं आधी दाखव. आकडे मागून पाहू."