रिकिबीला दूध

खान्दा मालगाडीखाली वाकून चाकाच्या चौकटीला दोरी बांधत होती. मागून योन्दोन म्हणाला, "मावशी, गाडी हलली तर तुमचे दोन तुकडे होतील. एक इथे, एक समुद्रावर."

"होऊ देत. अर्धी तरी पोहोचेन," खान्दा म्हणाली. गाठ आवळल्याशिवाय ती बाहेर आली नाही.

योन्दोन नव्या रेल्वेमार्गाचा इंजिनियर होता. आठवडाभर तो रोज येत होता, कारण नवा मार्ग खान्दाच्या हिवाळी मुक्कामावरून जायचा होता. टेकडीच्या आडोशाची तेवढी एकच जागा आणि तिथली विहीर. बाकी सगळा गोबी वाऱ्याला मोकळा. कागदावर तिची सही हवी होती. योन्दोन रोज खारट चहा प्यायचा, देशाला किनारा नाही, कोळसा काय नि लोकर काय, सगळं दुसऱ्याच्या दारातून न्यावं लागतं, असं समजावायचा आणि कोरा कागद परत न्यायचा.

आज त्याने दोरीबद्दल विचारलं.

"तुझ्या आईने शिकवलं नाही? निघणाऱ्याच्या रिकिबीला, घोड्यावर पाय टेकतो त्या कडीला दूध लावतात, टोपीला नाही," ती म्हणाली. त्याला वाटलं, म्हातारी गाडीला आशीर्वाद देते आहे. तो हसला आणि विषय संपला.

पुढचं तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. सात वर्षांपूर्वी तिची लेक बोलोर समुद्र पाहायचा म्हणून सीमेकडे निघाली. मेंढ्या व्यायचे दिवस होते. भांडण झालं. रागाच्या भरात खान्दा बोलून गेली, आता समुद्र पाहिल्याशिवाय मला तोंड दाखवू नकोस. पोरगी आईसारखीच हट्टी. ती गेली आणि तिचा फोनही बंद झाला.

गाड्या इथल्या फाट्यावर तासभर थांबत. एकदा खान्दाने उंटाच्या लोकरीची दोरी वळली, तिच्यात वाळवलेल्या दह्याची वडी गुंडाळली आणि चाकांपाशी बांधली. गार्ड म्हणाला, डब्याच्या कडीला बांध, दिसेल तरी. तिने ऐकलं नाही.

वीस दिवसांनी दोरी परत आली. चौकट तीच, वर डबा मात्र दुसरा. घोडा तोच, खोगीर वेगळं, असं खान्दाला वाटलं. वडीच्या जागी निळी फीत होती. गाठ डावखुरी होती. बोलोर डावखुरी. तशी उलटी गाठ या मुलखात दुसरं कुणी मारत नव्हतं.

मग वर्षातून चार-पाच दोऱ्या जात, तेवढ्याच येत. गेल्या वसंतात शिंपला आला. बोटाएवढा, पण चांगला जड. समुद्रातल्या वस्तूत पाणी मुरत असेल, असं खान्दाने मनाशी ठरवलं आणि तो छातीशी खिशात ठेवला. पोरीने समुद्र पाहिला होता. मग ती येत का नव्हती?

"नवी गाडी थेट समुद्रापर्यंत जाईल?" तिने योन्दोनला विचारलं.

"थेट. सीमेवर कशाला हात लावायचा नाही. इथली चाकं तिथे बंदरावर थांबतील."

"किती दिवसांत?"

"तीन."

खान्दाने कागद मागून घेतला आणि सही केली. योन्दोनला वाटलं, शेवटी आपलं बोलणं पटलं.

दोन वर्षांनी पहिली गाडी आली, तेव्हा विहिरीच्या जागी खडीचा बांध होता. खान्दाचा तंबू आता उघड्यावर होता आणि दोरखंड रात्रंदिवस वाजत असत. ती दुधाची बादली घेऊन आली. नव्या फलाटावर भाषणं चालू होती. ती कोळशाच्या एका डब्याखाली वाकली. या वेळी वडी नव्हती. बोलोरचं पहिलं शिंगरू ज्या दाव्याला बांधत, त्याचा तुकडा होता. जागा रिकामी आहे, समुद्र राहू दे, ये, एवढंच तिला म्हणायचं होतं.

गाडी हलली. खान्दा प्रत्येक चाकावर दूध शिंपडत गेली. शेवटी माणसांचा एकच डबा होता, त्यात कामगार बायका बसल्या होत्या. खिडकीतल्या एकीने रुमाल तोंडावर ओढून घेतला. लाजली असेल. कुणाची तरी लेक, म्हणून खान्दाने त्या डब्यावर तीनदा दूध उडवलं.

"मावशी, पुन्हा चाकालाच?" योन्दोन हसत आला. आज ती खुशीत होती. तिने सगळं सांगितलं आणि शिंपला त्याच्या हातावर ठेवला.

त्याचं हसू गेलं. त्याने शिंपला नखाने खरवडला.

"हा दगड आहे, मावशी. फार फार पूर्वी इथेच समुद्र होता, तेव्हाचा. सीमेवरच्या शेडमागच्या टेकडीत असे ढिगाने मिळतात." मग तो हळू बोलू लागला. पलीकडचे रूळ अरुंद. म्हणून जुन्या गाडीचे डबे त्या शेडमध्ये उचलून दुसऱ्या चाकांवर ठेवायचे. आपली चाकं आपल्याकडेच राहायची. सीमेपार ती कधी गेलीच नाहीत.

खान्दाने शिंपला परत खिशात ठेवला.

"गाठ तर तिचीच होती," ती म्हणाली. "शेड किती लांब?"

"उंटावरून एक दिवस."

तिने बादली खाली ठेवली, कंबरपट्टा आवळला आणि उंटाला हाक मारली. एका दिवसाची वाट. नऊ वर्षं.

"जाऊ नका," योन्दोन म्हणाला. "नवा मार्ग झाला, शेड बंद झाली. काल खाणीच्या स्टेशनात तिथे काम करणाऱ्या आठही जणींचा सत्कार केला आणि बंदरावर कामं दिली. आत्ता गेल्या ना त्या, शेवटच्या डब्यातून. तुम्हीच तर दूध उडवलंत."